ज्वालेविना वीज : इंधन-घटाची सव्वाशे वर्षांची प्रतीक्षा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तख्ते, तह आणि लढाया उभ्या राहतात. वर्गात हा विषय शिकविताना माझाही बहुतेक वेळ यांतच जातो, कारण अभ्यासक्रमाची मांडणीच तशी आहे. परंतु मानवी इतिहासाचे आणखी एक दालन आहे. काचेच्या नळ्या, धातूचे पत्रे, गळणारे सांधे आणि एकाच प्रश्नाचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरविणारी माणसे, असा त्या दालनाचा पसारा. त्यातील एका वस्तूची कहाणी आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. तिचे नाव इंधन-घट. वर्तमानपत्रांतून आपण ते ‘फ्युएल सेल’ असे वाचतो.

हायड्रोजनवर चालणाऱ्या बसची किंवा मोटारीची बातमी आली की ‘अगदी नवे तंत्रज्ञान’ असे तिचे वर्णन केलेले असते. प्रत्यक्षात या शोधाचा जन्म १८३९ सालचा आहे. मुंबई ते ठाणे ही आपली पहिली प्रवासी आगगाडी धावली १८५३ साली आणि एडिसनचा विजेचा दिवा पेटला १८७९ साली. म्हणजे आगगाडीहून चौदा वर्षांनी आणि दिव्याहून चाळीस वर्षांनी ही वस्तू वडील आहे. तरीसुद्धा तिच्याकडून खरेखुरे काम घेण्यास १९६५ साल उजाडावे लागले. तत्त्व बरोबर होते, प्रयोग यशस्वी झाला होता, शोधकर्ता विद्वानांत मान्यता पावलेला होता. मग सव्वाशे वर्षे ही वस्तू खोळंबून का राहिली? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख आहे.

आधी वस्तू समजून घेऊ

कोळशापासून वीज कशी होते हे आपण जाणतोच. कोळसा जाळावयाचा, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे आणि चक्राने जनित्र फिरवावयाचे. या प्रत्येक टप्प्यावर गळती होते. सर्वसाधारण औष्णिक केंद्रात कोळशातील शक्तीचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेच्या रूपाने हाती येतो. उरलेली धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. यात कामगारांचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेचे संपूर्णपणे कामात रूपांतर होऊ शकत नाही, हा निसर्गाचाच नियम आहे. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने त्याचा पाया १८२४ मध्ये घातला.

आता असे पाहा, की जळणे म्हणजे तरी काय? हायड्रोजन वायू जळतो तेव्हा त्याचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात आणि दोघांचे मिळून पाणी होते. ज्वालेत ही देवघेव एका क्षणात, दाटीवाटीत आणि कशीही होते. म्हणून तिच्यातील सारी शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. हीच देवघेव आपण शिस्तीने घडवून आणली तर?

इंधन-घटात नेमके हेच केलेले असते. मध्ये एक पडदा असतो किंवा अम्लासारखा एखादा द्रव असतो. त्याच्या एका बाजूस हायड्रोजन, दुसऱ्या बाजूस ऑक्सिजन. दोन्ही बाजूंना धातूचे किंवा कार्बनचे एकेक पत्र, त्याला विद्युत्-अग्र म्हणतात. हायड्रोजनच्या बाजूच्या अग्रावर प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक असतो. त्याच्या संगतीत हायड्रोजनचे दोन भाग होतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. मधला पडदा प्रोटॉनला आरपार जाऊ देतो, इलेक्ट्रॉनला मात्र वाट देत नाही.

नदीकाठच्या दोन भावांची कल्पना करा. एकाला उतारातून पलीकडे जाण्याची मुभा आहे, दुसऱ्याला मात्र लांबच्या पुलावरून वळसा घालूनच जावे लागते आणि पुलावर जकात द्यावी लागते. इलेक्ट्रॉनाचा पूल म्हणजे बाहेरची तार. त्या तारेत दिवा किंवा मोटार जोडली की जकात वसूल झाली. तीच आपली वीज. पलीकडच्या काठावर ऑक्सिजन वाट पाहत असतो. तेथे दोघे भाऊ त्याला भेटतात आणि पाणी तयार होते. कोठेही ज्वाला नाही, धूर नाही, फिरणारे चक्र नाही. थोडी उष्णता येथेही सुटते, परंतु इंधनातील शक्तीचा ४० ते ६० टक्के भाग विजेच्या रूपाने मिळू शकतो.

अशा एका घटाचा दाब हिशेबाप्रमाणे १.२३ व्होल्ट यावयास हवा. प्रत्यक्ष काम घेताना तो ०.७ व्होल्टच्या आसपास राहतो. म्हणून शेकडो घट एकमेकांस जोडून चळत करावी लागते. बॅटरी आणि इंधन-घट यांतील फरकही येथेच ध्यानात घ्यावा. घड्याळातील सेल ही बांधून घेतलेली शिदोरी आहे, संपली की संपली. इंधन-घट ही चूल आहे. सरपण घालीत राहाल तोवर ती चालू राहते, आणि सरपण थांबले की त्याच घटकेला विझते. हा फरक पुढे तीन माणसांच्या जिवावर कसा बेतला, ते आपण पाहणारच आहोत.

वकिलाची पन्नास नळ्यांची बॅटरी

इ. स. १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टाने पहिली विद्युत् बॅटरी जगापुढे ठेवली. त्याच वर्षी लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी तिच्या प्रवाहाने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. वीज देऊन पाणी फुटते, तर फुटलेले पाणी पुन्हा जोडून वीज परत मिळेल का? हा उलटा प्रश्न विचारावयास जगाला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

तो विचारणारे दोघे होते. एक, स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राध्यापक श्योनबाइन. दुसरे, वेल्समधील स्वान्सी गावी १८११ साली जन्मलेले विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह. श्योनबाइन यांचे निरीक्षण लंडनच्या एका शास्त्रीय मासिकात जानेवारी १८३९ मध्ये आले आणि ग्रोव्ह यांचे पुढच्याच महिन्यात. मान कोणाला द्यावयाचा यावर वाद घालता येईल. परंतु त्या दोघांनी वाद घातला नाही, त्यांचा पत्रव्यवहार पुढे दीर्घकाळ चालू राहिला.

ग्रोव्ह यांचा व्यवसाय वकिलीचा होता. विज्ञानाची आवड मात्र इतकी तीव्र, की काही वर्षे त्यांनी लंडनमध्ये भौतिकशास्त्राचे अध्यापनही केले. १८४२ साली त्यांनी आपली ‘वायूंची बॅटरी’ उभी केली. तिच्यात नळ्यांच्या पन्नास जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतील एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन, मध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्या आणि खाली सौम्य गंधकाम्ल. पाच माणसांनी हात धरून साखळी केली असता या बॅटरीचा झटका पाचही जणांना जाणवला. कोळशाच्या दोन टोकांमध्ये भर दिवसा दिसेल अशी ठिणगी पडली. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, पाणी होऊ घातलेल्या या वायूंपासून निघालेल्या विजेने दुसऱ्या भांड्यातील पाण्याचे विघटन करून दाखविले.

एवढे होऊनही ग्रोव्ह यांच्या यंत्राचा कोणास उपयोग झाला नाही. प्रवाह फार क्षीण होता. इकडे १८३१ मध्ये फॅरेडेने चुंबकापासून वीज काढण्याचा मार्ग दाखविला होताच. १८६६-६७ च्या सुमारास डायनामो आला आणि स्वस्त कोळशावर हवी तेवढी वीज मिळू लागली. ग्रोव्ह न्यायमार्गाने वर चढत १८७१ मध्ये न्यायाधीश झाले आणि १८९६ मध्ये निवर्तले. त्यांची वायूंची बॅटरी शिक्षकांनी वर्गात दाखविण्याची एक गंमत बनून राहिली.

खरी अडचण : तिघांची गाठ

आपल्या प्रश्नाचे मर्म ग्रोव्ह यांनी १८४२ मध्येच ओळखले होते. नळीतील पट्टी वरच्या भागात वायूत असे आणि खालच्या भागात अम्लात. वीज उत्पन्न होई ती मात्र या दोहोंच्या सीमेवर, द्रवाची पातळी पट्टीला टेकते त्या बारीक कडेपाशी. कारण तेथेच वायू, द्रव आणि धातू या तिघांची एकाच जागी गाठ पडते. वायू नसेल तर इंधन नाही, द्रव नसेल तर प्रोटॉनला वाट नाही, धातू नसेल तर इलेक्ट्रॉनला वाट नाही. वीज हवी असेल तर ही भेटीची जागा वाढविली पाहिजे, हे ग्रोव्ह यांनी लिहून ठेवले. त्यासाठी त्यांनी पट्ट्यांवर प्लॅटिनमचा खरखरीत थरही चढविला.

बोलावयास हे सोपे, करावयास महाकठीण. पत्र सच्छिद्र केले तर द्रव सर्व छिद्रांत शिरतो आणि वायूला जागाच उरत नाही. वायूचा जोर वाढविला तर तो द्रवाला बाहेर ढकलून पलीकडे फुटतो. द्रव आणि वायू दोघांनाही एकाच भिंतीत, एकमेकांस न हुसकावता, कायमचे नांदवावयाचे आहे. आपल्या घरातील मातीचा माठ आठवा. त्याच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांत पाणी भरलेले असते, पण त्याची धार लागत नाही. बाहेरच्या अंगाला पाणी आणि हवा यांची सतत भेट होत असते. इंधन-घटाला असाच धातूचा माठ हवा होता. पुढची सव्वाशे वर्षे गेली ती प्रामुख्याने या माठाच्या शोधात.

धुराविना शहरांचे स्वप्न

पहिला मोठा प्रयत्न केला तो लुडविग माँड आणि त्यांचे सहकारी कार्ल लँगर यांनी. माँड हे जर्मनीत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये कारखानदार झालेले रसायनतज्ज्ञ. १८८९ मध्ये त्यांनी द्रव मोकळा न ठेवता एका सच्छिद्र पडद्यात जिरविला आणि त्याच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचे अतिशय पातळ, छिद्रे पाडलेले पत्रे लावले. या घटाने सुमारे ०.७३ व्होल्ट दाबाने चांगला प्रवाह दिला. परंतु प्लॅटिनमची किंमत डोळे पांढरे करणारी होती. शिवाय कोळशापासून काढलेल्या स्वस्त वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, तो प्लॅटिनमला विषासारखा बाधतो. शुद्ध हायड्रोजन महाग आणि स्वस्त वायू विषारी, अशा कात्रीत हा प्रयत्न सापडला.

पाच वर्षांनी, १८९४ मध्ये, जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी या कल्पनेला स्वप्नाचे रूप दिले. वाफेच्या यंत्रातून कोळशाची बहुतेक शक्ती वाया जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. कोळसा आणि हवा यांपासून सरळ वीज देणारा घट बनला तर धूर, काजळी, बाष्पपात्र आणि वाफेचे यंत्र या सर्वांतून उद्योगांची सुटका होईल, असे त्यांनी सांगितले. ही क्रांती प्रत्यक्षात येण्यास फार काळ लागेल, हेही त्यांनी बजावले होते. या ओस्टवाल्ड यांना पुढे १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वप्न मोठे असले की घाईही होते. अमेरिकेतील विल्यम जॅक्स यांनी १८९६ मध्ये ‘कोळशापासून थेट वीज’ मिळविल्याचे जाहीर केले. लोखंडी भांड्यांत वितळलेला कॉस्टिक सोडा, त्यात कार्बनच्या कांड्या आणि खालून हवेचा झोत, अशी त्यांची रचना होती. कोळशातील ८२ टक्के शक्ती विजेत उतरते असा त्यांचा दावा होता. मग कोणीतरी हिशेब नीट मांडला. सोडा वितळलेला ठेवण्यासाठी बाहेर भट्टी पेटवावी लागे आणि हवेसाठी पंप चालवावा लागे. हा खर्च दाव्यात धरलेलाच नव्हता. तो धरता ८२ चे ८ टक्के झाले. त्यातच सोड्याचे हळूहळू कार्बोनेट होई आणि घट मंदावत जाई. वाचकांनी हा ८२ आणि ८ चा आकडा स्मरणात ठेवावा, शेवटी त्याचे काम पडणार आहे.

एका चिकाटीच्या अभियंत्याची गोष्ट

शेवटी हा माठ घडविला तो फ्रान्सिस थॉमस बेकन या इंग्रज अभियंत्याने. बेकन यांचा जन्म १९०४ चा, शिक्षण केंब्रिजचे आणि नोकरी वाफेची चक्रे बनविणाऱ्या एका प्रसिद्ध कारखान्यात. १९३२ मध्ये एका अभियांत्रिकी नियतकालिकातील लेख वाचून हायड्रोजनच्या घटाने त्यांच्या मनाची पकड घेतली. कारखान्यात ते गुपचूप प्रयोग करू लागले. जेथे वाफेच्या चक्रांवर सर्वांचे पोट चालते, तेथे चक्राविना वीज करण्याचा हा उद्योग! १९४० मध्ये ही गोष्ट वरिष्ठांच्या कानी गेली. प्रयोग थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असे त्यांना सांगण्यात आले. बेकन यांनी नोकरी सोडली. घरची परिस्थिती चांगली होती म्हणून हे धाडस त्यांना परवडले, हेही नमूद केले पाहिजे. अशी चिकाटी असूनही केवळ पोटापायी थांबावे लागलेले किती असतील, त्यांची नावे इतिहासात येत नाहीत.

बेकन यांनी दोन निर्णय घेतले. पहिला, अम्लाऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरण्याचा. त्यात प्लॅटिनमची गरज राहत नाही, स्वस्त निकेलवर भागते. दुसरा, निकेलची बारीक भुकटी तापवून तिचे सच्छिद्र पत्र करण्याचा, आणि तेही दोन थरांचे. द्रवाच्या अंगाला बारीक छिद्रे, वायूच्या अंगाला मोठी. बारीक छिद्र द्रवाला घट्ट धरून ठेवते. मोठ्या छिद्रातून वायूचा किंचित जास्त दाब त्याला मागे सारतो, पण तो दाब बारीक छिद्रातून द्रव हुसकावण्याइतका नसतो. दोन्ही थर जुळतात तेथे वायू, द्रव आणि धातू यांची गाठ पडते आणि टिकते. ग्रोव्ह यांची ती बारीक कड आता पत्राच्या संपूर्ण आतल्या अंगावर पसरली.

हे साधावयास बेकन यांना सत्तावीस वर्षे लागली. घट सुमारे २०० अंश सेल्सिअसला आणि मोठ्या दाबाखाली चाले. त्यामुळे सांधे गळत आणि ऑक्सिजनच्या बाजूचे निकेल गंजून जाई. एकेक दोष काढीत त्यांनी १९५९ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिज येथे चाळीस घटांची चळत लोकांपुढे चालवून दाखविली. तिची शक्ती सुमारे ५ किलोवॉट होती. तिच्यावर गोल करवत फिरली, वेल्डिंग झाले आणि ओझे उचलणारी गाडी चालली. ग्रोव्ह यांच्या बॅटरीने पाच माणसांना झटका दिला होता, ही चळत आता गड्याचे काम करू लागली. त्याच वर्षी अमेरिकेत हॅरी आयरिग यांच्या पथकाने १,००८ घट जोडून वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर शेतात चालविला.

चंद्राच्या वाटेवर

माठ तयार झाला, परंतु गिऱ्हाईक? कोळसा, पेट्रोल आणि डिझेल स्वस्त असताना पृथ्वीवर या महागड्या वस्तूची कोणास निकड नव्हती. निकड निघाली ती आकाशात. आठ-दहा दिवसांच्या अंतराळ प्रवासास पुरेल एवढी वीज साध्या बॅटऱ्यांतून न्यावयाची तर त्यांचे वजन अग्निबाणाला पेलणारे नव्हते. हायड्रोजन मात्र वजनाला अत्यंत हलका, आणि वीज काढून उरते ते पाणी.

अमेरिकेत थॉमस ग्रब यांनी १९५५ मध्ये द्रवाच्या जागी प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा वापरला आणि लिओनार्ड नीड्राख यांनी त्यावर प्लॅटिनम बसविण्याची रीत काढली. हा घट २१ ऑगस्ट १९६५ रोजी जेमिनी-५ यानातून कूपर आणि कॉनराड या दोन अंतराळवीरांबरोबर वर गेला. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऑक्सिजनच्या टाकीतील तापक बिघडला, दाब घसरू लागला आणि मोहीम आवरती घेण्याची वेळ आली. वीरांनी बहुतेक उपकरणे बंद करून वाट पाहिली. घट कमी दाबावरही चालत राहिला आणि जवळजवळ आठ दिवसांचा प्रवास पुरा झाला. ग्रोव्ह यांच्या १८३९ च्या टिपणापासून मोजले तर ही सव्वाशे वर्षे होतात.

चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांसाठी निवड झाली ती बेकन यांच्या घराण्यातील घटाची. यानात असे तीन संच असत, प्रत्येकात ३१ घट. कॉस्टिक पोटॅशला साध्या हवेतील कार्बन डायॉक्साइड सोसत नाही, त्याचे कार्बोनेट होते. जॅक्स यांच्या भांड्यात जे घडले तेच. पण यानात शुद्ध ऑक्सिजन असल्याने तो प्रश्न आला नाही. या घटांतून निघालेले पाणी अंतराळवीर पीत असत.

चूल आणि शिदोरी यांतील फरक जगाला कळला तो अपोलो-१३ च्या वेळी. हे यान ११ एप्रिल १९७० रोजी निघाले. १३ एप्रिल रोजी, पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लक्ष किलोमीटरवर, ऑक्सिजनच्या एका टाकीचा स्फोट झाला आणि दुसरीही गळू लागली. तीन संचांपैकी दोन तर लगोलग मृत झाले आणि थोड्याच वेळात तिसऱ्याचीही घटका भरली. घटांत स्वतःचा दोष काहीच नव्हता. हायड्रोजनही शिल्लक होता. पण ऑक्सिजन नाही म्हणून वीज नाही, आणि वीज होत नाही म्हणून नवे पाणीही नाही. लव्हेल, स्विगर्ट आणि हेझ हे तिघे चंद्रावर उतरण्याच्या छोट्या यानात शिरले. त्या यानात इंधन-घट नव्हते, साध्या बॅटऱ्या होत्या. थंडीत कुडकुडत, तहान मारीत, वीज कणाकणाने वापरीत ते १७ एप्रिल रोजी सुखरूप परतले. चूल विझली तेव्हा शिदोरीने जीव राखले.

पुन्हा जमिनीवर

यानंतरचे काम प्रसिद्धीच्या झोतात आले नाही, पण आजची वाहने त्याच्याच आधारावर उभी आहेत. पडद्याच्या घटाला एका चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ते दहापट कमी करण्यात आले. कसे? पडद्याचाच पदार्थ विरघळवून तो विद्युत्-अग्राच्या छिद्रांत मुरविला. त्यामुळे आत दडलेले प्लॅटिनमचे कणही वायू आणि पडदा या दोहोंच्या भेटीस आले. म्हणजे पुन्हा तोच तिघांच्या गाठीचा प्रश्न! १९९३ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे अशा घटांवर बस चालली. डिसेंबर २०१४ मध्ये जपानात टोयोटाची मिराई ही मोटार बाजारात आली.

आपल्या देशातही ही वाट चालू झाली आहे. पुण्यात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद व केपीआयटी यांनी तयार केलेली देशी बनावटीची इंधन-घट बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी लोकांपुढे आली. जेमिनी-५ च्या उड्डाणाची तारीखही हीच, मध्ये बरोबर ५७ वर्षे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने आपल्या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यावर एक छोटा इंधन-घट अंतराळात चालवून १८० वॉट वीज मिळविली.

हिशेब मांडल्याशिवाय उठू नये

येथे जॅक्स यांचे ८२ आणि ८ आठवावेत. अधूनमधून ‘पाण्यावर चालणारी गाडी’ शोधल्याचे दावे कानावर येतात आणि भली माणसेही त्यांवर विश्वास ठेवतात. पाणी हे इंधन नव्हे. पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. राखेतून पुन्हा सरपण करावयाचे तर जेवढी शक्ती निघाली होती तेवढी, किंबहुना अधिक, परत घालावी लागते.

आकडेच पाहू. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढण्यास सुमारे ५० युनिटे वीज लागते. तो हायड्रोजन इंधन-घटात घातला की आठ किलो ऑक्सिजनशी मिळून नऊ किलो पाणी होते आणि सुमारे १६ ते १७ युनिटे वीज परत मिळते. म्हणजे तीन रुपये ठेवून एक रुपया उचलण्यासारखे आहे. त्याच ५० युनिटांनी साधी बॅटरी भरली तर ४० हून अधिक युनिटे परत येतात. शिवाय जगातील बहुतांश हायड्रोजन अजून नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच काढला जातो. त्यात नळीच्या तोंडाशी धूर नसला तरी कारखान्यात कार्बन डायॉक्साइड सुटतोच.

मग ही वस्तू कुचकामी म्हणावी काय? मुळीच नाही. जेथे वजन कमी हवे, मुदत लांब हवी आणि भरणे झटपट हवे, तेथे इंधन-घट उपयोगी पडतो : अंतराळयाने, लांब पल्ल्याची जड वाहने, दूरच्या ठिकाणची अखंड वीज. उन्हाची आणि वाऱ्याची वीज नको तेव्हा जास्त आणि हवी तेव्हा कमी असते. ती हायड्रोजनच्या रूपाने महिनोन् महिने साठविता येते. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेत २०३० पर्यंत वर्षाला ५० लक्ष टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट ठेवले आहे. ‘हरित’ हा शब्द खरा ठरणार की नाही, हे तो हायड्रोजन कोणत्या विजेने काढला यावर अवलंबून राहील. हा हिशेब विचारण्याचा हक्क आणि कर्तव्य तुम्हा-आम्हा नागरिकांचे आहे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ग्रोव्ह यांची कल्पना अपुरी नव्हती. तिला माठ हवा होता आणि निकड हवी होती. माठ बेकन यांच्यासारख्यांनी सांधे घट्ट करीत, छिद्रे मोजीत घडविला. निकड चंद्राच्या वाटेवर निघाली. आज हवेत साठणाऱ्या धुराने तीच निकड जमिनीवर आणली आहे.

विद्यार्थी मित्रांनी ही कहाणी केवळ वाचून सोडू नये. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली एकमेकींना न टेकता पाण्यात सोडा आणि वरच्या टोकांना नऊ व्होल्टची बॅटरी दोन-तीन मिनिटे जोडा. शिशांवर बुडबुडे धरतील. मग बॅटरी काढून घ्या आणि त्याच दोन टोकांना शाळेच्या प्रयोगशाळेतील व्होल्टमीटर जोडा. काटा हलेल आणि हळूहळू खाली येईल. शिशांना चिकटलेले ते दोन वायू पुन्हा पाणी होऊ लागलेले असतील. काटा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून वहीत लिहून ठेवा, आणि तो अधिक वेळ टिकावा म्हणून काय करता येईल याचा आपापसांत विचार करा. ग्रोव्ह यांचे काम नेमके येथूनच सुरू झाले होते.